मैलोनमैल निष्ठा

"आमच्या सन्माननीय सदस्यांसाठी आनंदाची बातमी" अशी ज्या पत्राची सुरुवात होते, त्यात आनंद नेमका कोणाला झाला आहे हे शेवटच्या परिच्छेदापर्यंत कळत नाही. मी ज्या विमान कंपनीचा नऊ वर्षे रौप्य श्रेणीतला सदस्य आहे, तिने परवा असेच पत्र धाडून कळवले की, यापुढे मैल, म्हणजे निष्ठावान प्रवाशाला बक्षीस मिळणारे आणि पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे गुण, प्रवासाच्या अंतरावर नव्हे, तर तिकिटासाठी मोजलेल्या रकमेवर मिळतील आणि त्यामुळे योजना "अधिक सोपी" होईल. सोपी ती खरोखरच झाली. पूर्वी माझ्या मैलांची बेरीज करायला कॅल्क्युलेटर लागे, आता हाताची बोटे पुरतात.

माझे दुःख समजण्यासाठी माझी प्रवासपद्धती सांगणे भाग आहे. दोन तासांत थेट पोहोचवणारे विमान सोडून, दोन ठिकाणी उतरवत आणि मधूनच उलट्या दिशेला नेत अकरा तासांनी पोहोचवणारे स्वस्त तिकीट मी मुद्दाम काढत असे, कारण त्यात मैल जास्त पडत. हा द्राविडी प्राणायाम पत्नीनेही माझ्याबरोबर केला आहे आणि मध्यरात्री परक्या विमानतळावरच्या खुर्चीत अवघडून बसल्यावर "हे सगळे कशासाठी?" असा तात्त्विक प्रश्नही विचारला आहे.

आमच्या साडूंना मात्र नवे नियम न्याय्य वाटले. त्यांचा सगळा प्रवास कार्यालयाच्या खर्चाने होतो, तिकिटे आदल्या दिवशी निघतात आणि म्हणून भरमसाट महाग असतात. "अहो, तुम्ही त्या कंपनीला आजवर दिलेत काय? फक्त त्रास," ते म्हणाले. स्वतःच्या खिशातून छदामही न काढणाऱ्या माणसाने मला निष्ठेची व्याख्या शिकवावी, हे मला फारच लागले.

मी इतिहासात शिरलो. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना सुरू केली, तेव्हा मैल म्हणजे मैल होता, असे मी ठणकावले. त्यावर साडूंनी शांतपणे सांगितले की, डेल्टा आणि युनायटेड या विमान कंपन्यांनी २०१५ मध्येच भाड्यावर मैल द्यायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकननेही तेच केले. थोडक्यात, जिने हे व्रत लोकप्रिय केले, तिनेच त्याचे उद्यापनही उरकले होते. मैल खर्च करायचा जुना तक्ताही पुष्कळ कंपन्यांनी गुंडाळला आहे. किती मैलांत कोणते तिकीट, हे आता मागणीनुसार ठरते, म्हणजे मी मागितले की ते वाढते. आणि हेच मैल कंपन्यांच्या हाती किती मोलाचे असतात पाहा: २०२० च्या महामारीत विमाने जमिनीवर उभी असताना डेल्टाने आपली मैलांची योजना तारण ठेवून नऊ अब्ज डॉलर उभारले. मला त्या सुमारास माझ्या मैलांवर साधी खिडकीजवळची जागाही मिळाली नव्हती.

"मी तक्रार करणार," मी जाहीर केले. डेल्टाने २०२३ च्या सप्टेंबरात असेच कडक नियम आणले, तेव्हा सदस्यांनी एवढा गदारोळ केला की, आपण जरा अतीच केले असे खुद्द कंपनीच्या प्रमुखांनी कबूल केले आणि पुढच्या महिन्यात काही नियम सैल झाले, हा दाखला माझ्याजवळ तयार होता. साडूंकडे त्यावरही उतारा होता. अमेरिकेत सर्वोच्च श्रेणीतल्या एका सदस्याने चोवीस तक्रारी केल्या, त्यांतल्या नऊ सामान उशिरा आल्याच्या. नॉर्थवेस्ट कंपनीने वैतागून त्याचे सदस्यत्वच रद्द केले आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने कौल दिला. मी मनातल्या मनात माझ्या जुन्या तक्रारी मोजल्या. सतरा भरल्या.

त्या रात्री एक वाजेपर्यंत बसून मी पत्र लिहिले. पहिल्या मसुद्यातला "विश्वासघात" दुसऱ्या मसुद्यात "किंचित नाराजी" झाला आणि तिसऱ्यात "एक नम्र सूचना" एवढाच उरला. पत्नीने तो वाचून विचारले, "यात तक्रार कुठे आहे?" मी तिला सहीखालची ओळ दाखवली. तिथे सदस्य क्रमांकाच्या आधी "रौप्य" हा शब्द मी ठळक अक्षरांत टाकला होता.