उघडी सीमा

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मयडे गावची केळी विकणारी एक बाई स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होती आणि मी टाक व काळी शाई घेऊन तिचे चित्र काढत होतो. दाब वाढला की निबाची दोन टोके फाकून रेघ जाड होते, दाब सुटला की केसासारखी बारीक. म्हणून मान झुकली होती तिथे बारीक आणि अंगाचा भार स्टुलावर उतरला होता तिथे जाड, अशी एकच रेघ मी सलग ओढली. पाठीवर ऊन होते तेवढा बोटभर भाग मात्र मुद्दाम कोरा सोडला. शाई खोडता येत नाही, शिवाय आपल्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो आणि रेघ फुटते. त्यामुळे असे सोडणे दहा कागद वाया गेल्यावर एकदा साधते.

"पाठ राहिली," मागून आवाज आला.

खिशाला दोन बॉलपेने लावलेले ते गृहस्थ निवृत्त सर्व्हेअर निघाले. तिथे ऊन आहे, उरलेली रेघ पाहणाऱ्याचा डोळा पुरी करतो, असे मी त्यांना समजावले.

"डोळ्यावर काय सोडता? चौतीस वर्षे मोजणी केली, सीमा कधी उघडी ठेवली नाही. उघडी ठेवली की शेजारी आत शिरतो."

"अहो, ही बाई आहे, भाटकाराची बाग नव्हे."

"बाईचे तर अधिकच सांभाळावे लागते," ते गंभीरपणे म्हणाले. "मारियो बघा. गर्दीतला कुत्रासुद्धा पुरा."

हे मात्र मला लागले. गोव्यात शाईला हात लावणाऱ्या प्रत्येकाला लोटली गावच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या मापाने मोजतात. ते 2011 मध्ये गेले, माप मात्र मागे राहिले. त्यांची भरगच्च, ठसठशीत रेघ मलाही प्रिय आहे. पण म्हणून इतरांनी जागा कोरी सोडायचीच नाही काय?

हा प्रश्न मी तोंडाने विचारणार, तोच गृहस्थांनी वाकून निळ्या बॉलपेनने, एकाच जाडीची, पट्टीने आखल्यासारखी रेघ ओढून माझी दोन्ही टोके जोडून टाकली. त्या खरखरीने बाई जागी झाली. तिने कागद निरखला आणि नेमके त्या निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "एवढी बरी आलीय."

गृहस्थांनी टोपण लावले, पेन खिशाला अडकवले आणि उदारपणे म्हणाले, "सही तेवढी तुम्ही करा."