दोन एल्डर आणि एक ज्येष्ठ नागरिक

आमच्या घराण्यात दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. वर्गणी मागायला आलेली पोरं असोत, नाहीतर थकलेल्या बिलापायी वीज तोडायला आलेला वायरमन असो. आधी चहा घे, मग काय तोडायचं ते तोड. त्यात मी छत्तीस वर्षं पोस्टात काढलेली. सुरुवातीची काही वर्षं राजापूर तालुक्यात टपालाची पिशवी खांद्याला लावून घाट्या चढलोय. दारोदार फिरणाऱ्याच्या घशाला किती कोरड पडते आणि कुत्री नेमकी कोणत्या पोटरीला धरतात, हे मला कुणी सांगायला नको.

अमेरिकेत युटा राज्यातल्या सिराक्यूज गावी लेकीकडे मुक्कामाला गेलो आणि तिसऱ्याच दिवशी बेल वाजली. जुलैचं ऊन रणरणत होतं आणि दारात दोन पोरं उभी. कडक पांढरे शर्ट, गळ्याला टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. एक दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा, दुसरा शेवग्याची शेंग. दोघांच्याही पट्टीवर आडनावाच्या आधी लिहिलेलं, ‘एल्डर’.

“एल्डर म्हणजे काय गं?” मी लेकीला विचारलं.

“वडीलधारे, बाबा. मॉर्मन मिशनरी आहेत, एका ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रसारक.”

वडीलधाऱ्यांना वय विचारलं. मोठ्याचं वीस, शेंगेचं एकोणीस. मी एकोणसत्तर वर्षांचा, एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा कायदेशीर हक्कदार, आणि मला कुणी काका म्हणायलाही तयार नाही, नुसतं ‘सर’. असो. म्हटलं, “या, बसा. चहा टाकतो.”

लेकीने मला चिमटा काढला. पोरं एकमेकांकडे बघून गोड हसली. “नको सर, आम्ही चहा घेत नाही.”

“मग कॉफी?”

“कॉफीही नाही.”

‘नको’ या शब्दाला आपल्याकडे तीन पायऱ्या असतात. पहिला नको संकोचाचा, दुसरा रीतीचा, तिसऱ्याला कप हातात. या पोरांच्या नकोला पायऱ्याच नव्हत्या, सरळ भिंत. १८३३ साली त्यांच्या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना म्हणे देवाची तशी आज्ञा झाली. दारू नको, तंबाखू नको, गरम पेयं नकोत. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा पुढे अर्थ लावला गेला. मी पोस्टातला माणूस, परिपत्रकातली पळवाट मला लांबून दिसते. विचारलं, “मग चहा थंड करून?” तोही चालत नाही. “आणि गरम चॉकलेट?” ते चालतं! आणि नंतर पाहिलं तर बादलीएवढ्या ग्लासात बर्फ घातलेला कोलाही चालतो. मी पुढे काही बोललो नाही. ज्यांच्या उपासाला बटाटा चालतो आणि वांगं चालत नाही, त्यांनी तर्कशास्त्र काढू नये.

शेंग आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावरची होती. मोठा टोंगाचा. जगाच्या नकाशावर टोंगा म्हणजे पॅसिफिकमध्ये सांडलेली मोहरी. तिथून हा ऐवज इथे धर्मप्रसाराला आलेला. मी आपला सारखा ‘मॉर्मन, मॉर्मन’ म्हणत होतो. शेंगेने नम्रपणे सांगितलं की पंथाचं पूर्ण नाव घेतलेलं त्यांना आवडतं. ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. आमच्या पोस्टल सहकारी पतपेढीचं नाव याहून लांब होतं, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. पण जिभेला वळण लागेना, आणि पोरांनी मनावर घेतलं नाही.

जाताना त्यांनी विचारलं, काही काम आहे का घरात? आठवड्यातला काही वेळ लोकांची कामं करण्यात घालवायचा असतो त्यांना. लेकीचे डोळे लकाकले. तळघरात आधीच्या मालकाचा एक काटकोनी सोफा पडला होता. तो न्यायला लोक दोनशे डॉलर मागत होते.

“गुरुवारी येतो,” मोठा म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, “सर, तुम्ही घरी असाल ना?”

माझी छाती फुगली. अनुभवी माणसाचं मार्गदर्शन हवंय पोरांना! मी म्हटलं, असेन की. पुढे लेकीने खुलासा केला. घरात नुसत्या बायका असतील तर ही पोरं उंबरा ओलांडत नाहीत, एक मोठा पुरुष लागतो. जावई ऑफिसात. म्हणजे माझं काम एवढंच, पुरुष या नात्याने हजर राहणे. छत्तीस वर्षांत नुसत्या हजेरीवर पगार घेणारे खूप पाहिले, पण ती वेळ आपल्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

गुरुवारी सोफा निघाला आणि जिन्याच्या वळणावर अडकला. खाली टोंगा, वर आयडाहो, मधे सोफा, आणि मी वरच्या पायरीवरून “डावीकडे, अरे डावीकडे, तुझ्या नव्हे माझ्या” असं मार्गदर्शन करतोय. वीस मिनिटं झाली. भिंतीचा रंग सोफ्याला लागला, सोफ्याचा भिंतीला. शेवटी स्वयंपाकघरातून ही बाहेर आली, कंबरेवर हात ठेवून एकदा पाहिलं आणि म्हणाली, “अहो, आधी त्याचे पाय काढा की.”

पाय स्क्रूचे होते. चार मिनिटांत सोफा अंगणात.

मग पोहे. कामाला आलेल्या माणसाला चहा नाही तर नाही, उपाशी तर पाठवायचं नाही. हिने पोहे भिजवले, पण खोबरं खवायचं राहिलं होतं. आमची विळी, खवणीसकट, रत्नागिरीहून चेक-इन बॅगेत दोन साड्यांत गुंडाळून आलेली. ती ओट्याखालून बाहेर आली तसा टोंगावाला एकदम उठला. त्याने काही विचारलं नाही. टाय खांद्यावर टाकला, बाह्या दुमडल्या, फरशीवर बैठक मारली, पाट पायाखाली दाबला, नारळाची कवड दोन्ही हातांत धरून खवणीच्या दात्यांवर टेकवली आणि मनगट फिरवायला लागला. खर्र खर्र खर्र. कडेकडेने आत, पांढरंशुभ्र, करवंटीची एक काळी कुसळ नाही. तिकडे टोंगात घरोघरी असंच खवतात म्हणे, नुसतं बसायचं आसन वेगळं. ही बघतच राहिली. मग माझ्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी खवलेल्या नारळात किती करवंटी निघाली, त्याचा सगळा हिशेब त्या एका नजरेत होता.

त्या दिवसापासून हिच्या लेखी तो घरचा मुलगा झाला. ‘सर’ जाऊन ‘काका-काकू’ सुरू झालं. पोह्यांच्या तीन बशा झाल्या, त्यातल्या दोन शेंगेने खाल्ल्या. मी माझा चहा घेऊन बसलो, सवयीने बशीत ओतला आणि फुर्र केलं. दोघंही हातातलं सोडून बघत राहिले. चहाकडे नव्हे, बशीकडे.

मला खरं कुतूहल त्यांच्या नोकरीचं होतं. नोकरी कसली! मुलग्यांना दोन वर्षं, मुलींना अठरा महिने, पगार शून्य. उलट आयडाहोवाला महिना ५०० डॉलर घरून भरतोय. २०२० पर्यंत ४०० होते, मग वाढले. त्यासाठी दोन हंगाम शेतावर बटाटे काढून पैसे साठवलेले. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही, वरून पत्र येतं. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. जोडीदार कायम नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवा. एक बाथरूमला गेला की दुसरा पॅसेजमध्ये भिंतीवरचे फोटो बघत उभा. आणि सहा-सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी! आमच्या खात्यात बदली तीन-चार वर्षांनी यायची, आणि ती रद्द करून आणण्यात लोकांची हयात जायची. इथे कुणाचा वशिला चालत नाही. बॅग भरायची आणि निघायचं.

२०१९ च्या आधी तर घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी पत्र किंवा ईमेल. मला त्या जुन्या नियमात टपाल खात्याचं हित दिसलं, पण हिला ते बोलून दाखवलं नाही.

शनिवारी त्यांनी मला खेळायला नेलं. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेची खोली, आणि तिला लागूनच बास्केटबॉलचा अख्खा हॉल! आपल्याकडे सभामंडपात फार तर कॅरम सापडेल. मला शिट्टी देऊन पंच केलं. मी क्रिकेटच्या नियमांनी चुकीचे निर्णय दिले आणि सगळ्यांनी ते धर्मबुद्धीने मानले. एवढंच.

रविवारी चर्च. त्यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, हे ऐकून हिला आपुलकी वाटली. “उपासाला काय करता?” काहीच नाही. दोन जेवणं सोडायची, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. साबुदाणा नाही, वऱ्याचे तांदूळ नाहीत, दाण्याची आमटी नाही. “म्हणजे नुसतंच उपाशी राहतात हो!” ही मला रात्री म्हणाली. असा उपास तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

सोमवार म्हणजे त्यांचा ‘पी-डे’, तयारीचा दिवस. कपडे धुवायचे, केस कापायचे, वाणसामान आणायचं, घरी बोलायचं, आणि उरलेल्या वेळात फिरायला मोकळीक, संध्याकाळी सहापर्यंत. त्यात तो सोमवार २४ जुलैचा. १८४७ साली याच तारखेला त्यांच्या पंथाचे तेव्हाचे पुढारी ब्रिगॅम यंग आपली माणसं आणि बैलगाड्या घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले, म्हणून युटात सुट्टी. जावयालाही सुट्टी. ठरलं, अँटिलोप आयलंड! आमच्या गावातूनच रस्ता जातो. सात मैलांचा बांध ग्रेट सॉल्ट लेकच्या पोटातून थेट बेटावर.

बांधावर गाडीची काच खाली केली आणि हिने नाक वर करून हुंगलं. “अगं बाई, इथे बोंबील कुठे वाळत घातलेत?” बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावले होते, आम्ही दोघं माहेरी आल्यासारखे श्वास घेत होतो. पुढे रस्त्यात बायसन आडवा. १८९३ साली बारा जनावरं आणून सोडली होती, आता शेकड्यांनी झालीत. लोक गाड्यांतून फोटो काढत होते. ही म्हणाली, “गवा आहे. हॉर्न वाजवू नका, जाईल आपला आपण.” गेला.

किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला काळा पट्टा दिसला. मला वाटलं चिखल. पाय टाकला तर पट्टा उडाला! लाखो बारीक माश्या. चावत नाहीत, पण सांगायला कुणी आधी आलं नाही. या पाण्यात माणूस बुडत नाही, समुद्राहून कितीतरी खारट, असं जावयाने सांगितल्यामुळे मी हाफ पँट घालून आलो होतो. एल्डरांना म्हटलं, चला. दोघंही वाळूत खिळल्यासारखे. मिशनरीला पोहायला बंदी! टोंगाचा पोरगा, ज्याच्या अंगणात समुद्र, त्याने दोन वर्षं पाण्यात उतरायचं नाही. माझा शर्ट, चष्मा आणि घड्याळ सांभाळत दोघं काठावर उभे राहिले.

मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि पाठ टेकली. आहाहा! खाटेवर पडावं तसं. पाचच मिनिटं. मग उभं राहावं म्हटलं, तर पाय खाली जाईनात. एक दाबला की दुसरा वर. दोन्ही दाबले की बूड वर. पालथा व्हायला गेलो तर खारं पाणी थेट डोळ्यांत. सकाळी दाढी करताना हनुवटीला कापलं होतं, तिथे कुणी तिखट-मीठ चोळतंय असं झालं. डोळे मिटलेले, चार हातपाय आकाशात, जावई लांब पार्किंगमध्ये, आणि गुडघाभर पाण्यात मी ओरडतोय, “अरे, धरा!”

काठावर दोन्ही वडीलधारे गंभीर चर्चा करत होते. मला तुकड्या-तुकड्यांनी ऐकू येत होतं. पोहायला बंदी आहे. पण हे पोहणं आहे का? चालणं आहे. पाणी कुठवर आलं की चालण्याचं पोहणं होतं? ही काठावरून मराठीत ओरडली, “बाळांनो, काकांना आणा आधी, मग काय ते ठरवा!” भाषा कळायची गरज नव्हती. टोंगावाल्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, सहा ढांगांत आला आणि नारळ उचलावा तसा मला उचलून उभा केला. शेंग मागे चष्मा घेऊन हजर, कारण जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा.

नळाखाली अंग धुवेपर्यंत मी पांढरा पडलो होतो, भीतीने नव्हे, मिठाने. तळणीत सोडायचा तेवढा राहिलो होतो.

परत आलो तेव्हा साडेचार वाजले होते. बदल्यांची यादी आली होती. टोंगावाल्याला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. हिने काही न बोलता आधण ठेवलं. मागच्या अंगणातल्या कुंडीत तिने इंडियन स्टोअरातून आणलेली काडी रुजवली होती. तिच्या पाती कापल्या, आलं ठेचलं, चार वेलदोडे, गूळ, वर दूध. चहाची पूड डब्यातून हललीसुद्धा नाही. घरभर वास सुटला. चार कप, चार बशा.

शेंगेने कप उचलला, हुंगला आणि विचारलं, “काकू, काय आहे हे?”

हिने आठवडाभर साठवलेलं इंग्रजी पणाला लावलं. गवती म्हणजे ग्रास. चहा म्हणजे टी. अभिमानाने म्हणाली, “ग्रास टी!”

दोन्ही कप एकदम खाली आले. अमेरिकेत ग्रास म्हणजे गांजा हे तिला कुठून ठाऊक? दोनच शब्द, आणि दोन्ही निषिद्ध. टोंगावाल्याचा चेहरा रडवेला, शेंगेचे कान लाल. लेक हसून हसून ओट्याला टेकली होती. शेवटी तिनेच फोनवर लेमन ग्रासचं चित्र काढून दाखवलं, हिने कुंडी आणून टेबलावर ठेवली, पातीचा तुकडा बोटांनी चुरगळून दोघांच्या नाकाशी धरला. वनस्पतींचा काढा चालतो, पूड घातलेली नाही, असं तिघांच्या साक्षीने ठरलं.

शेंगेने कप पुन्हा उचलला. गरम होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बशीकडे, आणि दोन्ही हातांनी, पोस्टाचा शिक्का मारताना धरावा तसा श्वास धरून, कप तिरका केला. थोडं टेबलावर सांडलं. बशी ओठांना लावली.

फुर्र.