‘उठवा, बसवा, पाणी पाजा’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

उन्हाळा लागला, आखाजीचे म्हणजे अक्षय्य तृतीयेचे झोके निंबाला बांधले गेले, की जळगाव-धुळ्याकडच्या गावगटांत एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा : झाडावरून, झोक्यावरून, गाडीवरून कुणी पडलं तर आधी उचलून सावलीत न्या, बसवा, पाणी पाजा. हातपाय हलत असतील तर मणका शाबूत आहे, थोडं चालवा. मान वाकडी असेल तर हलकेच ओढून सरळ करा. ॲम्ब्युलन्सची वाट पाहू नका, मिळेल त्या गाडीत घाला.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण यातली बहुतेक वाक्यं धडधाकट माणसाला जन्मभर अंथरुणाला खिळवू शकतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हातपाय हलतात म्हणजे मणका शाबूत.’ अजिबात नाही. मणका हाड आहे आणि त्याच्या पोकळीतून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणारा नसांचा दोर, जातो. हाड मोडलं तरी रज्जू वाचलेला असू शकतो. अशा वेळी माणूस पाय हलवतो, बोलतो, ‘काही नाही झालं’ म्हणत उठायलाही बघतो. त्याला बसवलं की मोडलेला तुकडा सरकून रज्जूवर दाब येऊ शकतो. हाड पुढे जुळतं, पण रज्जूचे तुटलेले तंतू तसे जुळत नाहीत. मानेत तर धोका श्वासापर्यंत जातो, कारण श्वासपटल हलवणाऱ्या नसा तिथूनच निघतात.

म्हणून तीन फुटांहून उंचावरून पडलेला, विहिरीत सूर मारून डोकं आपटलेला, मान-पाठ दुखते किंवा मुंग्या येतात म्हणणारा, शुद्ध गेलेला, दारू प्यालेला, या सगळ्यांचा मणका दुखावलाय असंच धरून चाला. म्हातारं माणूस ओट्यावरून पडलं तरी हेच.

‘सावलीत न्या.’ मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हे वाक्य सगळ्यांना पटतं. पण सावली माणसाकडे आणा, माणूस सावलीकडे नेऊ नका. चौघांनी चादर धरली, छत्री उघडली तरी भागतं. डांबर तापलं असेल तर मात्र त्याला तसंच ठेवू नका. बधिर झालेल्या कातडीला चटका कळत नाही आणि पाठ भाजून निघते. सगळ्यांनी मिळून एका अंगावर वळवून खाली जाड गोधडी सरकवा. कसं वळवायचं ते पुढे सांगतो.

‘पाणी पाजा.’ नको. आडव्या माणसाला ठसका लागतो, उलटी होते, ती श्वासनलिकेत जाते. शिवाय तातडीनं ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. ओठ कोरडे पडले तर ओल्या फडक्यानं पुसा.

‘मान ओढून सरळ करा.’ या सगळ्यात मला हे वाक्य सर्वांत भयंकर वाटतं. मान जशी सापडली तशीच राहू द्या. हाडवैद्याला बोलावू नका, चोळू नका, टॉवेलचा पट्टा करून बांधूही नका. पडलेल्या माणसाच्या समोरून, पायाच्या बाजूनं जवळ जा, म्हणजे तुम्हाला बघायला तो मान वळवणार नाही. ‘भाऊ, हलू नका, डोकं हलवू नका, मी इथंच आहे,’ असं सांगा. मग एकानं डोक्याशी गुडघे टेकून, कोपरं जमिनीला लावून, दोन्ही तळव्यांनी डोकं धरून ठेवायचं. हेल्मेट असेल तर काच वर करा, हेल्मेट काढू नका. श्वासच अडत असेल तरच दोघांनी मिळून काढायचं, एकानं मान धरून.

श्वासापुढे मात्र मणका दुय्यम. श्वास थांबला असेल तर उताणं करून छाती दाबायला सुरुवात करा. उलटी आली तर डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. डोक्याशी बसलेला ‘एक, दोन, तीन’ म्हणेल, तिघं खांदा, कंबर आणि गुडघे धरून त्याच्याच शब्दावर वळवतील.

‘मिळेल त्या गाडीत घाला.’ रस्त्यालगत असाल तर १०८ ला फोन करून थांबा. रिक्षात दुमडून बसवलेला किंवा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये कोंबलेला माणूस दवाखान्यात लवकर पोचतो, पण पाय गमावून पोचू शकतो. आग, पूर, वाहतं पाणी असेल तर अर्थातच हलवा.

पण नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गाडीच येत नाही, तिथं ‘थांबा’ म्हणून मोकळं होता येत नाही. तिथं बांबूला बांधलेली झोळी हाच आधार. झोळीत पाठ मधोमध वाकते आणि मोडलेल्या मणक्याला तेच नको असतं. म्हणून दार बिजागरीतून काढा किंवा लांब रुंद फळी घ्या. सैल बाज नको. खाली गोधडी अंथरा, वळवून फळीवर घ्या, मग आधी छाती, कंबर, मांड्या लुगड्यानं बांधा, श्वास कोंडणार नाही इतपतच. डोकं शेवटी. उतारावर एक जण फक्त डोक्याकडे बघत चालेल. वाटेत उलटी झाली तर अख्खी फळी कुशीवर करा. रस्ता लागला की १०८.

मेसेजच्या शेवटी ‘पोलिसांची कटकट नको असेल तर दवाखान्यात सोडून निघून या’ असंही आहे. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ चं संरक्षण मिळालं आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. तेव्हा निघून येऊ नका, कारण डॉक्टरांना तुमच्याकडूनच कळणार आहे : किती उंचावरून पडला, किती वाजता, शुद्ध गेली होती का, तेव्हा पाय हलत होते का, आणि नंतर हलायचे थांबले का.