शिळ्या भाताने कोलेस्टेरॉलची गोळी सुटत नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर महिन्याभरात एकच मेसेज तीनदा आला. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवा, सकाळी थंडच खा. त्यातला रेझिस्टंट स्टार्च रक्तातलं कोलेस्टेरॉल शोषून घेतो. भात नको असेल तर गव्हाचा कोंडा घ्या, चोथा म्हणजे चोथा. 21 दिवसांनी गोळी बंद. माझ्या मामांनी ती खरंच बंद केली, म्हणून हे लिहिते आहे.

भात गार झाला की हा स्टार्च वाढतो, एवढं खरं आहे. शिजताना सैल झालेल्या स्टार्चच्या साखळ्या गार होताना पुन्हा घट्ट होतात आणि लहान आतड्यात पचत नाहीत. पण वाढतो किती? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातल्या मोजणीत ताज्या पांढऱ्या भातात 100 ग्रॅममागे 0.64 ग्रॅम निघाला. 24 तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात 1.65 ग्रॅम. म्हणजे थंडच खायला हवा असंही नाही, फोडणी घाला की! वाटीभर भातामागे वाढ जेमतेम दीड ग्रॅमची. कोलेस्टेरॉलवरच्या चाचण्यांत लोकांना हा स्टार्च रोज दहा-वीस ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त दिला गेला आहे. तरीही काही चाचण्यांत एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) थोडं उतरलं, काहींत हललंच नाही.

शिवाय हा स्टार्च रक्तात जातच नाही, मग शोषणार काय? तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. पोटासाठी ते चांगलंच आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र ‘चोथा म्हणजे चोथा’ ही. गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही. पोट साफ व्हायला तो उत्तम, पण एलडीएलवर त्याचा परिणाम नगण्य. काम करतो तो पाण्यात बुळबुळीत होणारा तंतू: ओट्स आणि जवातलं बीटा-ग्लुकन, इसबगोल, काही प्रमाणात कडधान्यांतलाही. इसबगोल भिजवून बघा, कसा जेलीसारखा होतो. आतड्यात ही जेली पित्ताम्लं (पित्तातली, चरबी पचवायला मदत करणारी आम्लं) अडकवून शौचावाटे बाहेर नेते. नवी पित्ताम्लं करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातल्या एलडीएलमधून ओढून घेतं. 1999 मध्ये 67 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशा तंतूच्या दर ग्रॅममागे एलडीएल दर डेसिलीटर रक्तामागे साधारण 2 मिलिग्रॅमने उतरलेलं दिसलं. कडधान्यांचंही तसंच: रोज मोठी वाटीभर शिजवलेली कडधान्यं किंवा डाळ खाल्ली तर एलडीएल सुमारे 5 टक्के उतरतं, असं 2014 च्या आढाव्यात निघालं. मटकीची उसळ, चवळी, राजमा आपल्याकडे आहेतच.

आता गोळी. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी, घेतल्याने एलडीएल मात्रेनुसार 30 ते 50 टक्के, कधी त्याहून जास्त उतरतं. ही तफावत थंड भाताने भरून निघत नाही. तंतू गोळीच्या जोडीला घ्यायचा. 2005 च्या एका छोट्या चाचणीत 10 मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिनबरोबर (हे एक स्टॅटिनच) रोज 15 ग्रॅम इसबगोल दिल्यावर नुसत्या 20 मिलिग्रॅम गोळीइतका परिणाम मिळाला. मात्रा कमी करायची तर ती डॉक्टरांनी, रक्ततपासणी बघून.

आणि भात रात्रभर ओट्यावर कृपा करून ठेवू नका. त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तासाभरात फ्रिजमध्ये टाका.

मामांनी डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू केली. इसबगोलही घेतात: मोठा पेलाभर पाण्यातून आणि औषधांपासून दोन तास लांब.