उंदीर चावलाच नाही, मग भीती कसली?

कापूस विकायचे दिवस आले आणि आमच्या अमळनेरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागला: ‘हंता विषाणू उंदीर चावला तरच होतो. तो गटारातल्या उंदरांचा रोग, शेतातल्या नाही. घरात मांजर पाळा, ताप आला तर डॉक्सीची गोळी घ्या.’ (डॉक्सी म्हणजे डॉक्सीसायक्लिन, एक अँटिबायोटिक.) खाली अंगठे, आणि एकाचं ‘काही नई व्हस, भाऊ!’

हंता हा उंदरांकडून माणसात येणारा, मूत्रपिंडावर घाला घालणारा विषाणू. चावल्यानं त्याची लागण होऊ शकते, पण क्वचित. मुख्य वाट नाकाची. उंदराचं मूत, लेंड्या, लाळ वाळते, धुळीत मिसळते आणि ती धूळ श्वासात जाते. आता आपलंच घर बघा. भाव वाढेल म्हणून पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, आत उंदरांची बाळंतपणं झालेली. व्यापाऱ्याची गाडी आली की दोघं ढिगात उतरून गाठोडी बांधतात. मग रिकामी खोली झाडते घरातली बाई, तोंडाला पदर लावून. तिला उंदीर कधीच चावलेला नसतो. दादर ज्वारीची कोठी, कुट्टीची खोली, तिथंही हेच.

शेतातल्या उंदरांत नसतो म्हणे! हंतान ही कोरियातली नदी, विषाणूचं नाव तिच्यावरूनच पडलं. तिच्या परिसरातल्या शेतातल्या उंदरांतच १९७०च्या दशकात कोरियन शास्त्रज्ञ हो वांग ली यांना हा विषाणू सापडला. त्याच्या कुळातला एक विषाणू १९६४ साली वेल्लोरजवळ चिचुंद्रीत मिळाला होता. पुढे तमिळनाडूत गोदाम कामगार आणि उंदीर पकडणारे इरुळा आदिवासी यांच्या रक्तात लागणीच्या खुणा आढळल्या. यावरून खान्देशात साथ आल्याची बोंब मात्र कुणी ठोकू नये, तेही खोटंच ठरेल.

मांजर उंदीर खाईल. वाळलेलं मूत कोण खाणार?

गोळीचा घोळ लेप्टोमुळे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापामुळे झाला असावा. तोही उंदराच्या मुतातूनच येतो, पण तो जिवाणूमुळे होतो. आपल्या देशात तो जास्त आढळतो आणि त्याच्यावर डॉक्सी चालते. विषाणूवर ती चालत नाही. हंतावर नेमकं औषध नाही. मूत्रपिंड सांभाळायचं, वेळ पडली तर डायलिसिस. ताप, कंबरदुखी, घसरलेल्या प्लेटलेट, कमी झालेली लघवी बघून डॉक्टरांच्या मनात आधी डेंगीच येणार. लागणीनंतर ताप यायला १ ते ८ आठवडे लागू शकतात. तोवर कापसाचे पैसेही संपलेले असतात, खोली कुणाला आठवते? ती डॉक्टरांना आपणच सांगायची.

आणि झाडण्याचं म्हणाल तर आधी दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या टाका. १ भाग ब्लीचला ९ भाग पाणी घालून लेंड्या भिजवा, ५ मिनिटं थांबा, मग रबरी हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा. आमच्याकडे खराटा यंदा अंगणापुरताच आहे.