झोपेच्या गोळ्या फेकून द्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"मनगटावरच्या एका बिंदूत सुई टोचा, सात दिवसांत निद्रानाश मुळापासून बरा. झोपेच्या गोळ्या आजच फेकून द्या. डब्ल्यूएचओची मान्यता, साइड इफेक्ट शून्य." अ‍ॅक्युपंक्चरचा, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून करायच्या उपचाराचा, हा मेसेज सध्या आमच्या लातूर-बीडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या मावशीने तो खरा धरला आणि वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी एका रात्रीत बंद केली. दोन-तीन दिवसांत तिचा फोन आला, "लई घाबरल्यावानी व्हायलंय रे, हात कापायलेत, डोळ्याला डोळा लागंना." डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली तेव्हा ती सावरली.

गोळ्या फेका, हे सांगणं निव्वळ घातकी आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या रोज घेतल्या की मेंदूला त्यांची सवय होते. त्या एकदम तोडल्या तर होती ती झोपही उडते, छातीत धडधडतं, घाम फुटतो, हात थरथरतात. काहींना फिटही येते. म्हणून डोस आठवड्या-आठवड्याने, कधी महिनोन्‌महिने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवतात. मावशीला हे कुणी सांगितलं नाही. मेसेज मात्र भजनी मंडळाच्या ग्रुपवर पुन्हापुन्हा येत होता.

डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, अ‍ॅक्युपंक्चरवरच्या २००३च्या अहवालात निद्रानाशाचं नाव आहे, हे खरं. पण ते 'परिणाम दिसला, आणखी पुरावा हवा' या यादीत. मेसेजवाल्याने पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा गाळला. पुढे २०१२मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचा पुरावा तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ३३ चाचण्या आणि २,२९३ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. चाचण्यांचा दर्जा इतका कच्चा निघाला की गुण येतो असंही ठामपणे म्हणता येईना आणि येत नाही असंही. त्यावर 'मुळापासून बरा' कसं लिहिता?

सात दिवसांचंही तेच. कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या १६० जणांवरच्या, २०१९मध्ये छापून आलेल्या अमेरिकी चाचणीत सुयांनी झोप सुधारली, हे मी नाकारत नाही. पण ते उपचार आठ आठवडे चालले होते, आणि झोपेसाठीच्या वर्तनोपचाराचा, म्हणजे सीबीटी-आयचा, गुण त्याहून जास्त आला.

साइड इफेक्ट शून्य, हेही खोटं. निर्जंतुक नसलेल्या सुईने संसर्ग होतो. छातीवर चुकीच्या जागी खोल टोचली तर, क्वचित का होईना, फुप्फुसाला भोक पडतं.

आणि झोप न येण्याची कारणं तरी एक आहेत का? कुणाला थायरॉइड, कुणाला घोरताना श्वास अडकण्याचा त्रास, कुणाला नैराश्य. आमच्याकडे तर थ्री-फेज रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जातो, आणि पाळी बदलली तरी त्याची झोप जाग्यावर येत नाही. आधी कारण शोधायला हवं. जुन्या निद्रानाशावर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये पहिला उपचार म्हणून सीबीटी-आयच सांगितला: उठायची वेळ रोज एकच, झोप येईना तर अंथरुणात लोळत न पडता उठून बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. हे जमायला काही आठवडे लागतात. तोवर चालू गोळीला हात लावायचा तो डॉक्टरांना विचारूनच.