‘सूज उतरवा, दारू सोडायची गरज नाही’: फिरत्या मेसेजला उत्तर

दारू आणि लिव्हरबद्दलचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: दारूने लिव्हरला फक्त सूज येते. हळद, काळी मिरी आणि गुळवेलीचा काढा रोज घेतला की ती उतरते. रक्ततपासणीतला एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढणारे एन्झाइम) नॉर्मल आला की काळजी मिटली. बीअर पिणाऱ्यांना धोका नाही. आणि दारू एकदम सोडली तर उलट कावीळ होते.

हे वाचून एखाद्याने दवाखाना महिनाभर लांबवला तर तो महिना त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून एकेका विधानाला उत्तर देते आहे.

आधी ‘फक्त सूज’. सोनोग्राफीत लिव्हर मोठे दिसले की आपण सूज आली म्हणतो. ते मोठेपण बहुतेकदा साठलेल्या चरबीचे असते. सतत भरपूर पिणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये अशी चरबी साठते आणि दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांत ती जाऊही शकते. मेसेजमध्ये तथ्य आहे ते इतकेच. खरा घात करतो तो दाह (इन्फ्लमेशन), आणि तो सोनोग्राफीत दिसत नाही.

दाहाची सुरुवात बरीचशी आतड्यात होते. दारूमुळे आतड्याचे अस्तर सैल पडते, जंतूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन हे विष त्यातून झिरपते आणि आतड्याचे रक्त लिव्हरकडे नेणाऱ्या पोर्टल शिरेवाटे थेट लिव्हरमध्ये येते. तिथल्या पहाऱ्यावरच्या कुप्फर पेशी हा जंतूंचा हल्ला समजून टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा अशी दाह भडकवणारी रसायने सोडतात. रक्तातून न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्या माऱ्यात लिव्हरच्याच पेशी मरतात. दारूपासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड या पेशींना वेगळे जाळत असतेच. हे वर्षानुवर्षे चालले की लिव्हरमधल्याच स्टेलेट पेशी जखमेच्या जागी कोलॅजेनचे धागे विणू लागतात. लिव्हर कडक होत जाते आणि शेवटी सिऱ्होसिस होतो, म्हणजे सगळे लिव्हर व्रणांच्या जाळ्याने भरून जाते. पिणाऱ्या प्रत्येकाची मजल इथवर जात नाही. वजन, आनुवंशिकता यांचाही वाटा असतो, आणि बायकांना कमी दारूतही हा आजार गाठतो. पण ज्याला दाह सुरू झाला आहे त्याने रोज संध्याकाळी प्यायचे आणि सकाळी काढा घ्यायचा, हे चुलीतला जाळ तसाच ठेवून उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारत बसण्यासारखे आहे.

बरे, दाह औषधाने दाबला तर? ही कल्पना डॉक्टरांनाही सुचली होती आणि त्यांनी ती काटेकोरपणे तपासून पाहिली. टीएनएफ रोखणारी महागडी आधुनिक औषधे अल्कोहोलिक हिपॅटायटिसच्या (दारूने लिव्हरला होणाऱ्या तीव्र दाहाच्या) गंभीर रुग्णांना देऊन पाहिली. त्यांतल्या इन्फ्लिक्सिमॅबची फ्रान्समधली चाचणी जंतुसंसर्ग आणि मृत्यू वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २००४ साली आले. एटानरसेप्टच्या चाचणीत, २००८ साली, औषध घेणाऱ्यांत सहा महिन्यांत जास्त मृत्यू झाले. कारण जी यंत्रणा लिव्हर जाळते तीच जंतूंशी लढते, आणि या रुग्णांची प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली असते. स्टेरॉइडचेही पाहा. ब्रिटनमध्ये ११०३ रुग्णांवर झालेल्या स्टोपा चाचणीचे निकाल २०१५ साली आले. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने पहिल्या २८ दिवसांत मृत्यू थोडे कमी झाल्यासारखे दिसले, तेही काठावर. ९० दिवसांनी आणि वर्षाने काहीच फरक उरला नव्हता. गंभीर जंतुसंसर्ग मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांत १३ टक्के होता, न घेणाऱ्यांत ७ टक्के. म्हणून आज निवडक रुग्णांनाच स्टेरॉइड देतात आणि सातव्या दिवशी उपयोग दिसला नाही तर बंद करतात. इतक्या जालीम औषधांना जे साधले नाही ते काढ्याने साधेल असे कुणाला सांगणे मला क्रूरपणाचे वाटते.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने सूज उतरवणारी गोळी आणणाऱ्यांना तर हात जोडून सांगणे आहे: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी सिऱ्होसिसच्या रुग्णाची किडनी बंद पडू शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

काढा निदान निरुपद्रवी तरी आहे का? २०२० साली, करोनाच्या काळात, मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. हळदीच्या गोळ्यांमुळे इजा झालेले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले आहेत. त्यांतल्या काही गोळ्यांत शोषण वाढवण्यासाठी काळी मिरी घातलेली होती. आमटीतल्या चिमूटभर हळदीला माझा काहीच आक्षेप नाही. आधीच जखमी असलेल्या लिव्हरवर रोज जास्तीचा भार टाकण्याला आहे.

एसजीपीटीचे थोडक्यात. दारूच्या आजारात त्याच तपासणीतला एसजीओटी जास्त वाढतो, बऱ्याचदा एसजीपीटीच्या दुप्पट, आणि जीव धोक्यात असतानाही हे आकडे क्वचितच ४०० पलीकडे जातात. एसजीपीटी नॉर्मल असतानाही सिऱ्होसिस असू शकतो. बिलिरुबिन (काविळीचे प्रमाण), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), अल्ब्युमिन (लिव्हर बनवते ते प्रथिन), प्लेटलेट आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झाले ते मोजणारी तपासणी) पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नका.

बीअरचा हिशोब सोपा आहे. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे २०. म्हणजे एक बाटली दोन मोठ्या पेगांइतकी झाली.

आता सगळ्यात घातक विधान: सोडल्याने कावीळ होते. अनेक घरांत हे अनुभवाचे बोल म्हणून सांगितले जाते. माणूस दारू थांबवतो, आठ-पंधरा दिवसांत डोळे पिवळे होतात, आणि घरचेच म्हणतात, थोडी घेत होता तेव्हा बरा होता. घडते ते असे: दाह इतका वाढलेला असतो की भूक मरते, मळमळ सुरू होते, दारूही नकोशी होते, म्हणून ती सुटते. शिवाय दारू थांबली तरी दाह आठवडेच्या आठवडे चालू राहतो. शेवटच्या घोटानंतर दोन महिन्यांपर्यंत उमटलेली कावीळही डॉक्टर या आजारात धरतात. अशा वेळी पुन्हा ग्लास हातात देणे म्हणजे त्याला मरणाकडे ढकलणे.

एकदम सोडण्यात एक वेगळा धोका मात्र खरा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याला हातांना कंप, फिट, भ्रम होऊ शकतो. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यासाठी सरकारी रुग्णालयांतले मानसोपचार विभाग आहेत, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे.

कावीळ दिसली की आपल्याकडे गळ्यात माळ घालायला किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुवून ‘उतरवून’ घ्यायला नेतात. हिपॅटायटिस ए-सारखी विषाणूमुळे होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. दारूची कावीळ तशी थांबत नाही. त्यात रुग्णाला उसाचा रस आणि बिनतेलाच्या भातावर ठेवले जाते, आणि या रुग्णांचे तर आधीच मांस झडलेले असते. त्यांना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळ, अंडी, दही, पनीर, चालत असेल तर मासे, आणि झोपण्यापूर्वी पुन्हा थोडे खाणे. पिणाऱ्या माणसाचे डोळे पिवळे झाले, पोट फुगले, ताप आला, बोलणे असंबद्ध झाले किंवा शौच डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्या आणि किती प्यायचा ते डॉक्टरांपासून लपवू नका.